बुधवारी न्यायचं पाखरू

"लिहा, मिस वर्ना," क्रम्पलरसाहेब म्हणाले आणि खुर्चीत जमेल तितके मागे रेलले. "ड्यूई क्रम्पलर. उंची सहा फूट. नजर घारीची, कान हरणाचे, मेंदू... मेंदूला जनावर नको, नुसतं असामान्य लिहा. विलाकी काउंटीचा एकमेव गुप्त अन्वेषक. त्याच्या नुसत्या चाहुलीनं गुन्हेगारांची गाळण उडते."

मी लिहिलं. उंचीत बूट आणि हॅट दोन्ही धरले होते. गुन्हेगारांचं मला माहीत नाही, पण कुत्री मात्र साहेबांना खरंच भितात, कारण त्यांचं मूळ पद कुत्र्यांचे परवाने तपासण्याचं आहे. मी काउंटीच्या डास-निवारण खात्यात बावीस वर्षं कारकून आहे. आमची कचेरी आणि साहेबांची कचेरी यांच्यामध्ये एक पातळ भिंत आहे, एवढ्यावरून मी त्यांची सहायक ठरले.

झालं असं की राज्याकडून फर्मान आलं. सरकारी कचेऱ्यांनी परदेशी बनावटीचे ड्रोन वापरायचे नाहीत, कारण त्यातून शत्रू आपली गुपितं बघतो. शिवाय प्रत्येक काउंटीनं एक सुरक्षा अधिकारी नेमावा. ज्या बैठकीत ही नेमणूक झाली तिला साहेब उशिरा आले, आणि आमच्याकडे असली कामं उशिरा येणाऱ्याच्याच गळ्यात मारतात.

आमच्याकडे परदेशी ड्रोन एकच होता. लुएला बोग्स तो उडवायची. दलदलीत डासांच्या अळ्या कुठे झाल्यात ते वरून बघायचं आणि तिथे औषध मारायचं, एवढंच त्याचं काम. आमच्याकडचे डास शत्रूनं मोजले असते, तर त्यानं स्वारीचा बेतच रद्द केला असता. पण हे मत मी बैठकीत मांडलं नाही.

त्या ड्रोनला सगळे पाखरूच म्हणायचे. त्याची मूळ पेटी मोडली, तेव्हापासून लुएला तो मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवायची. राज्याची गाडी तो न्यायला बुधवारी बारा वाजता येणार होती, म्हणून सोमवारी सकाळी तिनं खोक्यावर चिकटपट्टी लावून ठळक लिहिलं, "पाखरू. बुधवारी न्यायचं." खोकं कचेरीच्या बोळात ठेवलं आणि ती दलदलीवर गेली. बोळात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती, कारण गुरुवारच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणाचं चर्चला द्यायचं सामान सगळे आमच्याकडेच आणून टाकतात.

दुपारी लुएला परत आली, तर बोळ मोकळा आणि खोकं गायब. ती माझ्या टेबलाशी येऊन बसली. फर्मानाचं बारावं कलम तिला पाठ होतं. ड्रोन वेळेवर जमा झाला नाही, तर उडवणाऱ्याचा परवाना रद्द आणि नोकरीही गेली. अकरा वर्षं तिनं ते काम जीव लावून केलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि बातमी कळून साहेबांना झालेला आनंद पाहून आणखीच वाईट वाटलं.

साहेबांचा पहिला संशय कर विभागातल्या नॉर्मनवर गेला, कारण तो ओहायोचा. ओहायो परदेश नाही, असं मी म्हणाले. साहेबांनी दया आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तो गार चहा बिनसाखरेचा पितो, हे तुमच्या लक्षात आलंय का?" इथे राहून बिनसाखरेचा गार चहा पिणारा माणूस काहीतरी लपवतो, असा त्यांचा सिद्धांत होता. दोन तास झाडाझडती घेतल्यावर नॉर्मननं लपवलेलं बाहेर आलं. त्याला मधुमेह होता.

मग संशय आला तो कचेरीमागच्या तळ्यातल्या सुसरीवर. साहेब काठावर पालथे पडून तासभर कान लावून होते आणि तिच्या पोटातून यंत्राची घरघर ऐकू येते, असं त्यांनी जाहीर केलं. घरघर आमच्या एसीची होती. मी तो बंद केला, तशी सुसर निर्दोष सुटली.

मंगळवारी दुपारी मात्र त्यांना धागा सापडला. लुएला कचेरीतून आईशी फोनवर बोलत होती आणि साहेब झेरॉक्स मशीनमागे उकिडवे बसले होते. "पाखरू माझ्याकडेच आहे ना," ती म्हणत होती. "थंडगार आहे अजून. उद्या चर्चमध्ये नेऊन देते, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको."

तासाभरात आम्ही तिच्या स्वयंपाकघरात उभे होतो. सिंकशेजारी थर्माकोलचं खोकं होतं, अगदी तसलंच. आमच्याकडे अशी खोकी घरटी तीन तरी असतात.

"ड्यूई, त्यात टर्की आहे," लुएला म्हणाली.

"बनावटीचा देश कबूल," साहेब म्हणाले. "लिहा, मिस वर्ना."

"देश नाही रे. पक्षी. थँक्सगिव्हिंगला भाजतात तो."

"पाखरू. मी तरी दुसरं काय म्हणतोय?"

मी म्हटलं, साहेब, झाकण उघडून एकदा बघू तरी. त्यावर त्यांनी चौदावं कलम म्हणून दाखवलं. जप्त केलेलं परदेशी यंत्र उघडायचं नाही, कारण उघडलं की ते आपल्या घरी फोन करतं. मग त्यांनी खोक्याला चिकटपट्टीचे चार वेढे दिले, सात ठिकाणी लाख लावली आणि ते कुत्र्यांच्या परवान्यांच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं.

बुधवारी सकाळी कपाटाखाली पाणी झिरपत होतं. यंत्राला पकडलं गेल्याचा घाम फुटलाय, असा साहेबांचा निष्कर्ष. दारात तीन कुत्री येऊन बसली होती. तिन्ही बिनपरवान्याची, पण त्या दिवशी साहेबांना असल्या किरकोळ कामांना सवड नव्हती.

बरोबर बाराला राज्याचे पीव्हीसाहेब आले. हडकुळा माणूस, हातात रबरी मोजे. त्यांच्या गाडीतच दाबयंत्र होतं. त्यांनी लाख तपासली, ती फुटली नाही याबद्दल क्रम्पलरसाहेबांची पाठ थोपटली आणि खोकं होतं तसं यंत्रात सरकवलं. मोठा चरचराट झाला. खालून काहीतरी गुलाबी ओघळलं. परदेशी बॅटऱ्यांतून असलं काहीतरी निघतंच, असं पीव्हीसाहेब म्हणाले आणि अंगणातच टेबल मांडून कागद भरायला बसले. लुएला भिंतीला टेकून उभी होती. खरा ड्रोन उद्या दुसऱ्याच कुणाकडे सापडला, तर नोकरी जाईलच आणि वर फसवणुकीचा आळ येईल, हे तिला कळत होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. चर्चच्या मुदपाकाचं सगळं बघणाऱ्या सिस्टर युनिस बोलत होत्या.

"वर्ना, ब्रदर हॉलिसनं सोमवारी तुमच्या बोळातून बारा खोकी आणली ना, त्यातली एक टर्की फ्रीजरमधून काढली, पण मला काही कळत नाही गं. चार पंख आहेत आणि तंगडी एकही नाही."

मी विचारलं, ते खोकं मुळात फ्रीजरमध्ये ठेवलंतच का?

"म्हणजे काय? वर स्वच्छ लिहिलंय, पाखरू, बुधवारी न्यायचं. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात त्याचा दुसरा काय अर्थ होतो?"

मी फोन ठेवून लुएलाला सांगितलं. दुसरी कुणी गप्प बसली असती. ही पोरगी सरळ टेबलाकडे गेली आणि पीव्हीसाहेबांना म्हणाली की मघाशी चिरडलं ते जेवणाचं पाखरू होतं, ड्रोन अजून शाबूत आहे. क्रम्पलरसाहेब मान हलवत हसले आणि म्हणाले, ताणानं डोक्यावर परिणाम होतो बिचाऱ्यांच्या.

पीव्हीसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, या क्रमांकाचा ड्रोन नष्ट झालाय. माझी सही झालीय. तुमच्याकडे आणखी एक असेल, तर तो नोंद नसलेला परदेशी ड्रोन. त्याचा फॉर्म वेगळा आहे आणि त्यात पोलीस येतात. आता नीट विचार करून सांगा. आणखी एक ड्रोन आहे का?"

लुएलानं माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षं सरकारी नोकरी केल्यावर माणसाला एवढं तरी कळतं.

"चर्चच्या फ्रीजरमध्ये एक टर्की आहे," मी म्हणाले.

"असू द्या. खाद्यपदार्थ आमच्या कक्षेत येत नाहीत," पीव्हीसाहेब म्हणाले आणि त्यांनी लुएलाच्या हातात पावती ठेवली. एक परदेशी ड्रोन, वेळेवर जमा, तक्रार नाही. लुएला तिथेच पायरीवर बसली आणि हसता हसता रडायला लागली. मला पदर असता, तर मीही तो डोळ्यांना लावला असता. पाखरू सिस्टर युनिसनी परत वाटाण्यांच्या पिशव्यांखाली ठेवलं. बंदी सरकारी कचेऱ्यांना आहे, चर्चच्या फ्रीजरला नाही.

गुरुवारी चर्चच्या सभागृहात बारा टेबलं मांडली होती. अकरांवर टर्की आली. बाराव्यावर रताळी आली, शेंगा आल्या, भोपळ्याची गोड पाईसुद्धा आली, पण टर्की येईना. ते टेबल क्रम्पलरसाहेबांचं होतं. शेवटी गळ्याला बांधलेल्या रुमालासकट ते उठले, रिकामं ताट उचलून त्यांनी चारी बाजूंनी निरखलं.

"लिहा, मिस वर्ना," ते म्हणाले. "यात परक्या शक्तीचा हात नाही. पाखरू पळवणारा आपल्यातलाच आहे. सरकारी नोकर आहे, त्याच्याकडे कुलपाचं कपाट आहे, आणि तो या क्षणी याच खोलीत उपाशी बसलाय."

इतक्या वर्षांत त्यांचा एकही निष्कर्ष इतका अचूक निघाला नव्हता. मी तो शब्दशः लिहून घेतला आणि त्यांना रताळी वाढली.