न्यूझीलंडला निघालेला गुडघा

आखणी करावी तर मीच! चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं प्लॅनिंग खात्यात आहे, राव. कुठला नट कुठल्या दिवशी कुठल्या बोल्टाला भेटणार, हे मी महिनाभर आधी सांगतो. मग एका बायकोला न्यूझीलंड दाखवणं ते काय!

बायको म्हणजे कस्तुरा. तिनं मोबाइलवर त्या देशाचे डोंगर पाहिले, तळी पाहिली, पायाला दोरी बांधून पुलावरून नदीत उड्या घेणारी माणसं पाहिली, आणि तिचा जीव तिकडंच राहिला. दापोडीच्या आमच्या दोन खोल्यांत मिक्सरच्या घरघरीवर ओवी सुरू झाली:

निळ्या गं पाण्यावरी हिरवं गं बेट
पंचविसाव्या सालाला घडू दे गं भेट!

लग्नाला मार्चमध्ये पंचवीस वर्षं होणार होती. जानेवारीतच तिकिटं काढली, व्हिसा आला. उरली फक्त रजा. पण मार्च म्हणजे ऑडिट! आमचे रणजीतसाहेब मार्चमध्ये स्वतःची शिंकसुद्धा मंजूर करत नाहीत.

म्हणून मी अर्जात लिहिलं, ‘उजव्या गुडघ्याच्या उपचारासाठी पंधरा दिवस रजा मिळावी.’ आणि साहेबांच्या केबिनवरून असा काही लंगडत गेलो, की कँटीनवाला खुर्ची घेऊन धावला!

आता माझा जिवाभावाचा दोस्त शौकत. दापोडीतच त्याचं गॅरेज आहे. आमच्याकडं माणूस परदेशी निघाला आणि चौकात त्याचा फ्लेक्स लागला नाही, तर तो निघाला असं कुणी धरतच नाही. आणि शौकतला मी गुडघ्याचं काही बोललोच नव्हतो.

एका सकाळी त्याचा फोन. “भावा, निगडीच्या बस स्टँडसमोर ये! वीस फुटी लावलाय!”

गेलो. बघतो तर गॉगल घातलेला मी, पायाला दोरी, हात पसरून थेट दरीत झेपावलेला! खाली मजकूर: ‘आमचे लाडके धम्मपालभाऊ न्यूझीलंड दौऱ्यावर! शुभेच्छुक: शौकत व समस्त गॅरेज परिवार.’

“अरे, साहेब इथंच राहतात!” मी किंचाळलो. “त्यांना मी गुडघा दुखतोय म्हणून सांगितलंय!”

“मग आधी बोलायचं ना! टेन्शन नको घेऊ. दुरुस्त करून टाकतो.”

मला वाटलं, उतरवेल. पण मेकॅनिक हो तो! दुपारी त्यानं फोटो पाठवला. माझ्या उजव्या गुडघ्यावर उशीएवढं बँडेज चिकटवलेलं, आणि मजकूर, ‘गुडघ्याच्या उपचारासाठी न्यूझीलंडला रवाना! लवकर बरे व्हा!’

उडी तशीच!

संध्याकाळपर्यंत दारात एक्स-रे घेऊन रांग लागली. “भाऊ, उडी घेतली की वाटी आपोआप जागेवर बसते म्हणे? डोकं खाली पाहिजे का पाय?”

कस्तुरा चहा करून दमली. शेवटी म्हणाली, “अहो, साहेबांच्या कानावर गेलं तर रजा राहू द्या, नोकरी तरी राहील का?” आणि नवीकोरी बॅग तिनं हळूच पलंगाखाली सारली. चिमणीनं अर्धं घरटं सोडावं तशी.

तेवढ्यात दारात साहेब! सोबत काठी टेकत त्यांच्या आई, जयमालाबाई.

“धम्मपाल, माफ कर! मला तुझं लंगडणं नाटक वाटत होतं. फ्लेक्स वाचला आणि लाज वाटली. रजा मंजूर! फक्त आमच्या आईलाही ने. दहा वर्षं गुडघ्यांनी बेजार आहे.”

“साहेब, खरं सांगायचं तर तिथं…” मी तोंड उघडलं, आणि जयमालाबाईंची काठी माझ्या अंगठ्यावर बसली. साहेबांना खालून कुणीतरी हाक मारली, गाडी गल्लीत आडवी होती. ते गेले.

“गप रं!” बाई कुजबुजल्या. “माजं गुडघं ठणठणीत हायती. सून दोन येळचा सैपाक कराया लावती, म्हून दुकत्यात. ती उडी मारू देत्यात ना?”

“आई, पण तुमचं वय…”

“त्र्याहत्तर. कस्तुरा, इचार की गं त्या उडीवाल्यांना फोन करून, चालतंय का!”

कस्तुरा पोट धरून हसली, आणि बॅग पलंगाखालून बाहेर आली.

जयमालाबाईंचा व्हिसा आला, दोघींच्या उड्यांचं बुकिंगही झालं. कालच साहेबांनी पंधरा दिवसांचा तक्ता पाठवला, कंपनीत असतो तसाच. काम, वेळ, जबाबदार व्यक्ती. पहिलीच ओळ: आईचे पाय चेपणे, रोज संध्याकाळी सात, धम्मपाल.

खाली कस्तुरानं पेनानं आपलंही नाव घातलंय. चेपणाऱ्यांत नाही हो, चेपून घेणाऱ्यांत!