रामटेके सरांची बसकरं

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. आता रामटेके सर नाहीत, आणि माझंही फार राहिलेलं नाही.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरची ही वर्षं. सर भंडारा तालुक्यातल्या एका लहान शाळेचे मुख्याध्यापक आणि मी केंद्रप्रमुख, म्हणजे त्यांचं काम तपासणारा. कुठलाही खर्च निघाला की तो कोणत्या मंजूर खात्यावर टाकायचा, हा सरांचा एकच प्रश्न असे, "कोणत्या हेडातून?" शाळेची घंटा तडकली तेव्हाही, आणि माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका हातात पडली तेव्हाही. "येतो ना साहेब. पण आहेर कोणत्या हेडातून देऊ?"

एका डिसेंबरात तपासणीला गेलो. पहिलीची पोरं पोत्यांपासून शिवलेल्या बसकरांवर बसली होती. खिचडीच्या तांदळाची ती रिकामी पोती विकून पैसे भरायचे, असा नियम.

"सर, पोती कुठं आहेत?"

"पोरं बसून आहेत ना त्याच्यावर. बसकराचं अनुदान मार्चात येते साहेब, थंडी आत्ताच येऊन राहिली."

मग चहा आला. अर्धा कप. "चहाले हेड नाही, साहेब. माह्या खिशातला आहे. अर्धा तुमचा, अर्धा माहा." शिक्षक हसले. मलाही हसता आलं असतं. मी शेऱ्यात लिहिलं, 'बारा पोती कमी.' बसकरांचा उल्लेख केला नाही.

पोती हजर करा, असा वरून हुकूम आला. मी गेलो तेव्हा सर व्हरांड्यात बसून एकेक टाका उसवत होते.

"काहून उसवता गुरुजी?" एका पोरीनं विचारलं.

"साहेबाले मोजाची आहेत, बाई."

पोरांनी तो हिवाळा फरशीवर काढला. उसवलेली पोती विकण्यालायक नाहीत म्हणून सरांची वेतनवाढ थांबली. तक्रार त्यांनी केली नाही.

सरांच्या निवृत्तीनंतर, माफी मागायचीच असं ठरवून मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरला त्यांच्या घरी गेलो. ते एकटेच राहत. भिंतीशी बसकरं रचलेली होती, पुन्हा शिवलेली. जुन्या टाक्यांची भोकं तशीच.

"भंगारात काढली, तवा मीच घेतली. पोरं आली त बसतीन."

"येतात?"

"नाही. पण असू द्या."

त्यांनी एक बसकर मला अंथरून दिलं आणि काठोकाठ भरलेला कप पुढे ठेवला. "पुरा घ्या साहेब. आता पेन्शनीचं हेड आहे."

"सर, तो शेरा..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

सरांनी माझ्या कपात डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "साखर कमी झाली काय?"

"नाही," मी म्हणालो, आणि कप रिकामा केला.