शेंडे सरांची चाल

आमचे शेंडे सर माणसाच्या चेहऱ्याकडे बघतच नसत. नमस्कार केला की गुडघ्याकडे बघून म्हणत, "काहून गा, डावा वाकून नाही राहिला?"

नागपुरात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते माणसाच्या चालीवर संशोधन करत. मी तिथला कारकून. पद्धत अशी: तळपायांना आळता फासायचा, गांधीबागेच्या बाजारातून आणलेल्या लांबलचक कागदावर चालवायचं, मग पट्टीनं पावलं मोजायची. शिपाई, पोस्टमन, परीक्षेला आलेली पोरं, कोणी सुटलं नाही. माझे लाल पाय बघून बायको कडाडली, "कोणाच्या घरची नवरी होऊन आले हो?"

"माणूस खोटं बोलते, पाय नाही बोलत," हे सरांचं पालुपद. अन् गंमत अशी, की स्वतः चांगले धडधाकट असून एवढीएवढीशी पावलं टाकत, दर डाव्या पावलाला थांबत. कँटीनमधून चहा घेऊन येईस्तोवर तो पार निवायचा. आम्ही मागून नकला करायचो.

एकदा तपासणीला मोठे साहेब आले. सरांनी त्यांचेही बूट-मोजे उतरवले अन् आळता फासला! साहेबांनी लाल पायांनीच हुकूम सोडला, "उद्या ही खोली रिकामी. कागद सगळे रद्दीत!"

दुसऱ्या दिवशी गठ्ठे हातगाडीवर चढले. एक गुंडाळी मात्र सर छातीशी धरून बसले.

"द्या ना सर! साहेब माझी चामडी लोळवतील," मी वैतागलो.

"हे नाही देत गा. हे शांताचं आहे."

शांताबाई म्हणजे त्यांच्या मंडळी. लकवा झाला, दोनेक वर्षांनी गेल्या, एवढंच मला ठाऊक होतं. सरांनी गुंडाळी उलगडली. महिन्यामहिन्याचे कागद एकाला एक चिकटवलेले. उजवं पाऊल स्वच्छ. डाव्याची नुसती फरफटलेली लाल रेघ. पुढे रेघ आखूड होत गेलेली, अन् शेवटच्या कागदावर डाव्या पायाची चक्क पाच बोटं! शेजारून आणखी दोन मोठे पाय, तेवढ्याच आखूड पावलांनी, दर डाव्या पावलाला थांबत चाललेले.

"हे कोणाचे, सर?"

"माहे. तिले एकटीले भेव लागे."

मला माझीच लाज वाटली. गुंडाळी सायकलच्या कॅरिअरला बांधली, अन् सगळे कागद रद्दीत गेले असं साहेबांना लिहून दिलं. मग सायकल हातात धरून, सरांच्या बरोबरीनं चालत त्यांना महाल भागातल्या घरी सोडायला निघालो.

वाटेत सर थबकले, माझ्या पायांकडे बघत राहिले.

"काहून गा, तुही चाल बिघडून राहिली?"