आधी कोण उठणार

एकतीस वर्षांच्या नोकरीत आपला एकही वर्ग घंटा झाल्यावर मिनिटभरसुद्धा रेंगाळला नाही, हे शोभना देवस्थळी कोणालाही अभिमानाने सांगत. नागपूरच्या शाळेत त्यांनी पाचवीपासून दहावीपर्यंत इंग्रजी शिकवलं होतं. आवाज असा, की मैदानावरची मुलंसुद्धा स्पेलिंग सुधारायची.

क्युपर्टिनोला मुलाकडे राहायला आल्यावर मात्र पहिली चार वर्षं हा आवाज कोणाच्या उपयोगाचा नव्हता. सिद्धेश दिवसभर मीटिंगमध्ये, सून नेत्रा ऑफिसात. गाडी चालवता येत नसल्यामुळे शोभनाताई मागच्या सीटवर बसायच्या आणि नेतील तिथे जायच्या. मग एके दिवशी सीनियर सेंटरच्या बोर्डावर त्यांनी वाचलं, की इंग्रजी संभाषण शिकवायला स्वयंसेवक हवेत. त्यांनी त्याच दुपारी नाव दिलं. वर्गात सहा जण आले. सहाही कोरियन, सहाही सत्तरीच्या आसपास, सगळे त्यांच्यासारखेच मुलांकडे राहायला आलेले.

योगायोग असा, की सिद्धेशची मुलगी निधी त्याच वर्षी कॉलेज संपवून कोरियातल्या देगू शहरात इंग्रजी शिकवायला गेली होती. "आमच्या घरात कोरियन लोकांच्या दोन टीचर आहेत," असं शोभनाताई महाराष्ट्र मंडळात सांगत. "एक तिकडे, एक इकडे. तिकडची ज्युनियर आहे."

दहा आठवड्यांत वर्ग छान बोलायला लागला. आता तो थोडासा नागपूरसारखा बोलायला लागला, ही गोष्ट वेगळी. वर्गातल्या यूनबाईंची मुलगी ग्रेस कॅलिफोर्नियातच वाढलेली. एकदा तिने घाबरून सेंटरला फोन केला, की आई हल्ली पोस्टमनला "व्हॉट इज युवर गुड नेम?" विचारते आणि डॉक्टरला "आय ॲम हॅविंग वन डाउट" म्हणते. शोभनाताईंना हे कळलं तेव्हा त्यांनी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

सत्र संपलं तेव्हा वर्गाने त्यांना जेवायला बोलावलं. बे आजोबांनी दोन्ही हातांनी लिफाफा पुढे केला. ते वर्गात सगळ्यांत मोठे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आयुष्यभर जहाजांची इंजिनं दुरुस्त केलेले. आत आमंत्रण होतं, शुद्ध इंग्रजीत, फुलस्टॉपसकट. शोभनाताईंनी ते फ्रिजवर लावलं.

आदल्या संध्याकाळी त्यांनी निधीला फोन केला. निधी दर रविवारी आजीला तिथल्या शुक्रवार रात्रींच्या गोष्टी सांगायची, त्यामुळे या विषयात तीच तज्ज्ञ.

"आजी, लिसन. जेवण म्हणजे फक्त फर्स्ट राउंड. मग सगळे नोरेबांगला जातात. म्हणजे गाण्याची खोली. छोटी रूम, माइक, मशीन. तिथे नाही म्हणायचं नाही, ओके?"

"मी कशाला नाही म्हणू? आणि संपतं कधी?"

"ग्रुपमधलं जे मोठं असेल ते उठलं की. ते उठल्याशिवाय बाकीच्यांनी उठणं इज सो रूड. मी एकदा आमच्या डायरेक्टरसाठी सकाळपर्यंत बसले होते, यार."

शोभनाताईंनी वहीत लिहून घेतलं: मोठं माणूस उठल्याशिवाय उठू नये. मोठं माणूस म्हणजे बे आजोबा. आपण एकाहत्तर, ते अठ्ठ्याहत्तर. हिशोब सरळ होता.

शनिवारी पाच वाजता सिद्धेशने त्यांना एल कॅमिनो रस्त्यावरच्या हॉटेलात सोडलं. "सातला येऊ ना?" त्याने विचारलं. "यूनबाईंची मुलगी सगळ्यांना सोडणार आहे," त्या म्हणाल्या. "तू जेवून घे."

जेवण झकास झालं. वर्गाने टीचरसाठी आधीच सांगून सगळं शाकाहारी करवलं होतं. ऑर्डर इंग्रजीतूनच द्यायची, असा शोभनाताईंनी दंडक घातला होता. त्यामुळे कोरियन वेट्रेसला सहा कोरियन म्हातारे वहीत बघून इंग्रजीत ऑर्डर देत होते आणि ती बिचारी दर वाक्याला कोरियनमध्ये उत्तर देत होती. शेवटी बे आजोबांनी तिला खास शोभनाताईंच्या सुरात सांगितलं, "काइंडली आन्सर इन इंग्लिश." शोभनाताईंचा ऊर भरून आला.

साडेसहाला यूनबाई म्हणाल्या, "नाऊ, सिंगिंग." शोभनाताई तयारच होत्या.

गाण्याची खोली त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर होती. खोली नंबर सात. लाल सोफे, छताला फिरणारे दिवे आणि दोन खंजिऱ्या. बे आजोबांनी खलाशांचं काहीतरी गायलं. यूनबाईंनी एक रडकं गाणं गायलं आणि खरंच रडल्या. मग माइक टीचरकडे आला. मशीनमध्ये मराठी काहीच नव्हतं. शोभनाताईंनी मशीन बंद करायला लावलं आणि मंगळागौरीचं एक गाणं टाळ्यांच्या ठेक्यावर म्हटलं. दुसऱ्या कडव्याला सहाही जण ठेका धरून होते. तिसऱ्याला यूनबाईंनी उठून त्यांचे दोन्ही हात धरले आणि खोली नंबर सातमध्ये फुगडीच्या दोन गिरक्या झाल्या. एकाहत्तराव्या वर्षी, गुडघ्याचा पट्टा लावून. हे नागपुरात कोणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

आठ वाजता शोभनाताई दमल्या. त्यांनी बे आजोबांकडे पाहिलं. बे आजोबा त्यांच्याकडेच पाहत होते. दोघं हसले. कोणी उठलं नाही.

सव्वाआठला खोलीचा ठरलेला वेळ संपत आला तेव्हा त्यांना हायसं वाटलं. तेवढ्यात दार उघडून मालक आला. एवढे वयस्कर लोक इतक्या उत्साहाने गाताहेत, म्हणून त्याने खूश होऊन अर्धा तास फुकट वाढवून दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना यूनबाईंनी हळूच जांभई गिळली, हे शोभनाताईंना दिसलं. पण त्यांना वाटलं, असेल रिवाज.

पावणेनऊला मालक पुन्हा आला. आणखी अर्धा तास.

आता गाणारं कोणी उरलं नव्हतं. यूनबाईंनी तेच रडकं गाणं चौथ्यांदा लावलं होतं आणि या वेळचं रडणं जरा जास्त मनापासून होतं. बे आजोबा मांडीवर खंजिरी घेऊन ताठ बसले होते, डोळे मिटून. शोभनाताई मनात म्हणत होत्या, काय हा माणूस, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी काय हौस. उठायचं नाव नाही.

तेवढ्यात सिद्धेशचा फोन आला.

"आई, कुठे आहेस? नऊ वाजले."

"खोली नंबर सातमध्ये."

"कोणती खोली?"

"अरे, बे आजोबा आहेत, बाकीचे आहेत. ऐकू येत नाहीये. मला निघायचंय, पण निघता येत नाहीये. ते उठतच नाहीत."

"कोण उठत नाही? आई?"

फोनची बॅटरी संपली.

सिद्धेश जसा होता तसा निघाला, म्हणजे हाफ पँट आणि घरातल्या चपला. फोनवर आईचं शेवटचं लोकेशन एका टायरच्या दुकानाशेजारी दिसत होतं. तिथल्या पार्किंगमध्ये पोचला, तर एक बाई कानाला फोन लावून गाडीभोवती फेऱ्या मारत होती. ती ग्रेस होती.

"तुम्ही टीचरचा मुलगा का?" तिने विचारलं. "तुमच्या आईंना प्लीज सांगा ना. माझी आई म्हणते, टीचर सोडत नाहीत."

"माझी आई सोडत नाही?" सिद्धेश म्हणाला. "माझी आई म्हणते, तुमचे लोक तिला सोडत नाहीत. कोणी बे आजोबा उठत नाहीत म्हणे."

 ग्रेसने गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकलं आणि हसायला लागली. "आमच्यात टीचर उठल्याशिवाय कोणी उठत नाही," ती म्हणाली. "वय कितीही असो. बे आजोबा अडीच तास टीचर उठायची वाट बघताहेत. ते रोज आठ वाजता झोपतात."

दोघं वर गेले. दार उघडलं तेव्हा मालक तिसऱ्यांदा फुकट वेळ द्यायला आत शिरत होता. ग्रेसने त्याला हाताला धरून थांबवलं आणि सगळा प्रकार आधी कोरियनमध्ये, मग इंग्रजीत सांगितला.

 दिवे तेवढे फिरत राहिले. शोभनाताईंचे कान तापले. तीन तास त्यांनी सहा म्हाताऱ्या माणसांना वर्गात डांबून ठेवलं होतं, आणि तेही नियम पाळून. पण शेवटी त्या शिक्षिका होत्या. त्यांनी पदर सारखा केला, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "द क्लास इज ओव्हर. थँक यू."

सहाही जण एका झटक्यात उभे राहिले. बे आजोबा तर झोपेतून थेट उभे राहिले.

सिद्धेश दारात उभा राहून बघत होता. यूनबाई आईच्या चपला तिच्या पायांपुढे नीट जोडून ठेवत होत्या. बे आजोबांनी आईची पर्स दोन्ही हातांत धरली होती, देवाचं ताट धरावं तशी. मागच्या सीटवर बसून "कुठे चाललोय रे?" विचारणारी आई त्याच्या रोजच्या ओळखीची होती. ही दुसरी होती. त्याने उगाच किल्ली तपासली.

खाली पार्किंगमध्ये निरोप सुरू झाला. सहाही विद्यार्थी कमरेत वाकले. शोभनाताईंनी हात जोडून मान लववली. टीचर वाकल्या म्हणताना विद्यार्थ्यांना अधिक वाकणं भाग होतं. ते वाकले. एवढा मान मिळाल्यावर शोभनाताईंना नुसतं उभं राहवेना. त्याही वाकल्या. मग पुन्हा ते.

पाच मिनिटं झाली. सिद्धेश गाडी सुरू करून बसला होता. ग्रेस तिच्या गाडीत बसली होती. बे आजोबांचा आता एक हात कमरेवर होता. शेवटी सिद्धेशने अगदी हलकेच हॉर्न वाजवला.

सगळे वळले. टीचरचा मुलगा आहे हे लक्षात येऊन सहाही जण गाडीच्या दिशेने कमरेत वाकले. त्यांच्याबरोबर, भरात, शोभनाताईही वाकल्या.

सिद्धेशला काय करावं सुचेना. बसून राहणं बरं दिसेना. तो हाफ पँटमध्ये गाडीतून उतरला, चपला नीट केल्या आणि कमरेत वाकला.

शेजारच्या गाडीची काच खाली आली.

"तुम्ही कशाला उतरलात?" ग्रेस म्हणाली.