तिकडून कळलं की सांगतो

यशवंतकाकांना ‘कसे आहात’ असं विचारू नये. विचारलंच, तर लगेच उत्तराची आशा धरू नये. सरकारी दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी परवा त्यांचं बीपी मोजताना विचारलं, “काय आजोबा, कसं वाटतंय?” काका म्हणाले, “तिकडून कळलं की सांगतो.” बाईंनी घाबरून माझ्याकडे बघितलं आणि हळूच वर बोट दाखवलं.

“नाही नाही, वरून नाही,” मी म्हटलं, “हारारेहून.”

त्यामुळे त्या आणखीच घाबरल्या.

काका शेणव्याच्या नाक्यावर जिपा दुरुस्त करतात. त्याआधी वीस वर्षं ते आफ्रिकेत, झिम्बाब्वेतल्या हारारे शहरात, एका शेठच्या गॅरेजात मेकॅनिक होते. मी त्यांच्या घरी मागच्या खोलीत राहते. माझं गाव तिकडे हिंगोलीकडं. शाळा आठवीतच सुटली. इथल्या खानावळीत पोळ्या लाटायचं काम आहे असं कळलं म्हणून पिशवी उचलून आले, तर एकट्या बाईला खोली द्यायला कोणी तयार होईना. काका म्हणाले, “मी पण एकटाच गेलो व्हतो. ये.” चौकशी एवढीच. म्हणून त्यांच्याबद्दल लिहिताना धाकधूक वाटते. एखादा शब्द चुकीचा पडला तर?

तिकडे शेअर गाडीला कोंबी म्हणतात आणि तिच्या दारात लटकून प्रवाशांना हाका मारणाऱ्याला ह्विंदी. लोकांची भाषा शोना. पण काका शिकले ते गाडीतळावरचं शोना, आणि तेच त्यांनी शेणव्यात आणून उतरवलं. शहापूर-मुरबाड करणारे आमचे जीपवाले आता एकमेकांना ‘न्देइपी?’ म्हणजे ‘काय चाललंय?’ असं विचारतात, आणि समोरचा ‘बो!’ म्हणतो, म्हणजे मस्त. काकांना सगळे मुदारा म्हणतात. मुदारा म्हणजे म्हातारबुवा, पण मान ठेवून. एखादी गाडी फारच बिघडलेली असली की काका बॉनेटमधून डोकं न काढता म्हणतात, “झ्वाकाओमा!” म्हणजे अवघड आहे. जीपवाला किसन म्हणतो, “मुदारा झ्वाकाओमा बोलला का माझा आठवडा गेला.” गाडी कधी मिळेल असं विचारलं तर ‘हामेनो’. कोण जाणे. किसनने हे ‘हामेनो’ एकदा घरी वापरून बघितलं. रात्री कुठे होतास, या प्रश्नावर. बायको दोन दिवस बोलली नाही.

हे झालं तळावरचं. वडीलधाऱ्यांचं शोना वेगळं. दुपारनंतर कोणी भेटलं की विचारायचं, ‘मास्वेरा सेइ?’ दिवस कसा गेला? आणि त्याचं उत्तर, ‘न्दास्वेरा मास्वेरावो.’ माझा बरा गेला, तुमचा बरा गेला असेल तर. काकांना हे इतकं पटलंय की समोरच्याचं कळल्याशिवाय ते स्वतःला बरं म्हणत नाहीत. एकदा मला सणकून ताप होता आणि मी सवयीने म्हटलं, “बरी आहे.” काका दारातच थांबले.

“खोटं नको बोलू गो. तू बरी नाय तर मी कसा बरा?”

मग स्वतः तांदळाची पेज करून आणली. फार खारट होती. मी सगळी प्याले.

त्यांची आणखी एक सवय सांगते. खानावळीत नळ आहे, पण काका नळाला हात लावत नाहीत. जेवायच्या आधी दोन्ही हात पुढे धरून उभे राहतात. कोणीतरी तांब्या आणून ओतायचं. शोना लोकांत जेवणाआधी लहान माणूस मोठ्याच्या हातावर पाणी घालतो म्हणे. सुरुवातीला मला वाटलं, केवढा हा तोरा!

तर काकांचं बरं-वाईट शेवटी ठरायचं फराईवर. फराई हारारेच्या गॅरेजातला त्यांचा जोडीदार. दोघांचं वय साधारण एकच, त्यामुळे मोठा कोण यावर वीस वर्षं भांडण. जेवायची वेळ झाली की दोघं तांब्याभोवती उभे. “तू ओत.” “तू ओत.” शेवटी फराई हसत ओतायचा. काका परत आल्यावरही रिवाज तोच. रोज पाचच्या सुमाराला फराईचा रेकॉर्ड केलेला आवाज फोनवर यायचा, कारण लहानाने आधी विचारायचं. मग काका ऐटीत उत्तर पाठवायचे, आणि त्यानंतरच नाक्याला कळायचं की मुदारा आज बरा आहे.

एक दिवस फराईने कळवलं, नातवाने माझे जुने कागद शोधून काढलेत, मोठा मीच आहे, उद्यापासून तू आधी विचारायचं. काकांनी उलट पाठवलं, “आधी पाणी ओत, मग बोल.”

दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. असे चाळीस दिवस गेले.

“काका, तुम्हीच विचारा ना एकदा.”

“लहानाने विचारायचं.”

“आजारी असले तर?”

काका पाना पुसत राहिले. “हामेनो.”

पण पाच वाजले की फोन शर्टच्या खिशातून काढून बाकड्यावर ठेवायचे, उताणा. किसनच्या जिपेतला जुना फिल्टर काढला आणि पुसून तोच परत बसवला. किसन माझ्याकडे आला. “ताई, मुदाराला काय झालाय? शिव्या पण देत नाय.” मला तर झोप लागेना. मला कसलीही काळजी लवकर लागते, आणि ही तर घरातलीच होती.

मग एसटीच्या सवलतीसाठी काकांचं आधार कार्ड शोधताना मी म्हटलं, “काका, जन्म एक जूनचा आहे. हीच तारीख कळवा फराईंना.”

काका हसले. “आमचा आख्खा वर्ग एक जूनचा हाय. मास्तरांनी लिवलेली तारीख ती.” मग म्हणाले, “तोच मोठा हाय गो. दोन वर्षांनी. पहिल्यापासून म्हायती हाय मला.”

“मग भांडता कशाला?”

काका आपल्या तळहातांकडे बघत होते. नखांत ग्रीस.

“बारका व्हतो, आजाबरोबर एका लग्नाला गेलेलो. बाहेर बसवलेला आमाला. पाणी मागितला तर ओतला, पण वरून, लांबून. भांडा लागू नये म्हणून. निम्मा सांडला. आजा तसाच ओंजळ धरून.” त्यांनी तळहात पालथे केले. “हारारेत पहिल्या दिवशी हा फराई तांब्या घेऊन आला. वाकून, जवळ. तांब्या माझ्या मनगटाला लागत व्हता. मी बोललो, मला कशाला? तर बोलला, लांबून आलाय तो मोठा. मग मी मोठाच राहिलो. सोडवेना.”

मी आधार कार्ड उगीचच पदराने पुसलं.

पाच वाजता काकांनी फोन बाकड्यावर ठेवला आणि मला रेकॉर्डचं बटण दाबायला सांगितलं. तिकडे लहान माणूस मोठ्याला टाळी वाजवून मान देतो, बोटं जुळवून, सावकाश. काकांनी तशी टाळी वाजवली आणि म्हणाले, “मास्वेरा सेइ, मुदारा?” दिवस कसा गेला, म्हातारबुवा?

त्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी किसन चहा घेऊन गॅरेजात आला होता, तेव्हा फोन वाजला. काकांचे हात तेलाने माखलेले, म्हणून आलेला निरोप मीच लावला.

आधी आवाजच नाही. मग बादलीत पाणी पडल्याचा आवाज. संथ, बारीक धारेचा, बराच वेळ. आणि त्यामागे एका म्हाताऱ्या माणसाचं हसू.

किसन म्हणाला, “हे काय, नळ चालू राहिला काय त्याचा?”

काका उठले आणि माझ्या हातातल्या फोनखाली दोन्ही हात धरून उभे राहिले. धार थांबेपर्यंत तसेच.

मग हात शर्टाला पुसले, आणि मला म्हणाले, “हां. आता विचार, कसा हाय मी.”