विमलचा पहिला शब्द

मूल कसं वाढवावं, हे मला मूल होण्याआधीच संपूर्ण ठाऊक होतं! या विषयावर दोन जाड पुस्तकं मी वाचली होती. दात केव्हा, रांगणं केव्हा, बोलणं केव्हा, सगळं तोंडपाठ. त्यामुळे आमची विमल जन्मली तेव्हा मी बायकोला, राजलक्ष्मीला, ऐटीत सांगितलं, "हिचा पहिला शब्द 'बाबा' असणार. शास्त्रच आहे तसं!"

"शास्त्र राहू द्या, आधी दुपटं धरा," ती म्हणाली.

मी दुपटं धरलं. चुकून विमलच्या तोंडावर धरलं, एवढंच.

गोष्ट फार जुनी आहे. आम्ही तेव्हा उत्तरेतल्या एका मराठी संस्थानात, लष्कर नावाच्या शहरात, जयेंद्रगंज मोहल्ल्यात राहत होतो. माझे वडील महिपतराव, म्हणजे आमचे आबा, महाराजांच्या घोडदळातून निवृत्त झालेले. मिशा अशा, की दारातून आधी त्या आत येत, मग आबा! घोड्यांशी ते प्रेमानं बोलत आणि माणसांशी हुकमानं. अशा घरात मी चष्मेवाला, ग्रंथालयात पुस्तकांची धूळ झटकणारा. आबा मला कधी रागावले नाहीत. नुसते बघत आणि सुस्कारा सोडत. त्यापेक्षा रागावले असते तर बरं, असं मला अजूनही वाटतं.

त्या काळी वडीलधाऱ्यांसमोर बापानं स्वतःचं मूल उचलणं म्हणजे निर्लज्जपणा. त्यामुळे माझी मुलगी मला तुकड्यातुकड्यांनी दिसे. दाराच्या फटीतून एक पाय, पदराआडून एक कान. आबांना उचलायला कुणाची मनाई नव्हती, पण तेही तिला धरत नसत. "घोडा धरायला लगाम असतो. हिला कुठे धरायचं?" असं म्हणून दोन हात लांब उभे राहत. इतक्या लढवय्या माणसाला मी एवढ्याशा वस्तूला घाबरताना पहिल्यांदाच पाहिलं!

मग मूल सांभाळायचं कोण? तर राजलक्ष्मी, मुरार गावाहून कामाला येणारी रामकली आणि विमलच्या दुधासाठी आणलेली एक शेळी.

संधी साधून मी विमलला शिकवणी देई. "बा-बा. म्हण, बा-बा." साहेबानं उमेदवाराकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघे आणि चष्मा ओढी. तेवढ्यात आबांचा खोकला ऐकू आला, की मी तिला खाली ठेवून भिंतीकडे बघत उभा.

"दिनकर, भिंतीत काय आहे?"

"ओल आली आहे का, ते बघतोय, आबा."

वर्ष असं चाललं होतं. पुस्तकातलं बाळ पुढे रांगे, आमचं मागे! संक्रांतीला बोरन्हाण केलं, तर पोरीनं बोरांना घाबरून भोकाड पसरलं आणि हलव्याचा हार मात्र चाटून साफ केला. पुस्तकात याचा उल्लेख नव्हता.

आणि एके सकाळी आबा अंगणात आले. विमलनं दोन्ही हात वर केले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आजा!"

आबा जागच्या जागी थिजले.

"काय बोलली ही?"

"आजा!"

"दिनकर! ऐकलंस? आजा बोलली! मला बोलली!"

"आबा, आपल्याकडे आजोबा म्हणतात..."

"अरे, 'बा' दात आल्यावर येईल! एवढी पुस्तकं वाचतोस आणि एवढं कळत नाही?"

बघा! माझ्या 'बाबा'मधला 'बा'सुद्धा त्यांनीच नेला!

त्या दिवसापासून आबा तिला खाली ठेवीनात. लगाम नसताना धरायला शिकले. मिशा तिच्या मुठीत आणि चेहरा असा, जणू मोहीम जिंकून आलेत. बाड्याच्या चौकापर्यंत एक दुकानदार, एक टांगेवाला सुटला नाही. "नातीनं मला हाक मारली!" मी जळत होतो. उगाच कशाला लपवू?

आणि मग परसात मला तोच आवाज ऐकू आला. "आजा!" आबा तर बाहेर गेले होते! डोकावलो तर समोर शेळी. विमल म्हणाली "आजा", शेळी आली. मग ती कावळ्याला म्हणाली, "आजा." मग घरंगळत चाललेल्या लोट्याला, "आजा!"

रामकली खुदकन हसली. "सबको बुलाती है, बाबूजी! मैं बकरी से कहती हूँ ना, आ जा, आ जा! बिटिया सीख गई!"

मी धावत स्वयंपाकघरात. "अगं, ते हिंदी आहे! ती आबांना आजोबा म्हणतच नाही, नुसतं 'ये' म्हणते! त्यांना सांगायला हवं. सत्य ते सत्य!"

राजलक्ष्मीनं लाटणं खाली ठेवलं नाही. "मामंजी आता कुठे पोरीला जवळ घेतात. एक शब्द बोललात तर बघा!"

मी बोललो नाही. पण आबांनी विमलच्या पहिल्या वाढदिवसाला आपले सगळे जुने घोडेस्वार बोलावून ठेवले होते, नातीची हाक ऐकायला! त्या दिवशी शेळी शेजारच्या गोठ्यात नेऊन बांधायचं काम माझ्याकडे आलं. गाठ मीच मारली. यावरून पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

अंगण मिशांनी भरलं. विमल मधोमध बसली. आणि तोंड उघडेना!

"काय महिपत," आबांचे जुने सोबती सूर्याजी ओरडले, "कान किटवलेस आमचे! कुठाय तुझी हाक?"

"बोल गं राणी. आ-जा!" आबा काकुळतीला आले. मग सगळ्यांनाच उत्साह आला. पंधरावीस घोडेस्वार एका सुरात गरजू लागले, "आजा! आजा! आजा!"

एवढ्या आग्रहानं शेळीला उभ्या जन्मात कुणी बोलावलं नसेल. गाठ सोडवून ती थेट अंगणात हजर!

विमलचा चेहरा उजळला. "आजा!" ती शेळीला म्हणाली.

मग सूर्याजी म्हणाले, "महिपत, तुमच्या घराण्यात दाढी होती, ठाऊक आहे. शिंगं कधी आली?"

अंगण हसून लोटपोट! आबांचा चेहरा मात्र उतरला. तो मला बघवेना.

"दिनकर, काय आहे हे?"

"हिंदी आहे, आबा. आ जा. ये म्हणते ती. सगळ्यांनाच म्हणते." हे शेवटचं वाक्य मी गिळायला हवं होतं.

आबा थोडा वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग एकदम गरजले, "हसू नका रे! नातं सांगितल्यावर आजा कोणीही म्हणेल. ही नातं ठाऊक नसताना बोलावते! या वयात तुला कोण बोलावतं रे, सूर्याजी?"

आबांनी पगडी काढून ठेवली, गुडघ्यांवर बसले, शेळीला बाजूला सारलं आणि रांगत निघाले. "आलो, बाईसाहेब, आलो!"

तिला छातीशी धरून उठले. अचानक माझ्याकडे वळले. "उभा काय राहिलास? घे तिला. बाप आहेस ना?"

सगळ्यांसमोर! दाराआडून राजलक्ष्मी बघत होती. मी विमलला घेतलं. तिनं माझा चष्मा काढला, मला नीट न्याहाळलं. ती आता मला हाक मारणार, हे माझ्याइतकंच सगळ्यांना दिसत होतं.

"जा!" विमल म्हणाली.

हा शब्द मराठीत आणि हिंदीत एकच आहे. गैरसमजाला काही जागाच नव्हती.