मातुराँच्या क्रुसाखालची जागा

आन्सेल्म पोंत्रो यांची कबर सगळी तयार होती, फक्त आन्सेल्म यायचे बाकी होते. चर्चमागच्या उतारावर, पूर्वज मातुराँ पोंत्रोच्या ग्रॅनाइटच्या क्रुसाखाली, त्यांची बायको फर्नांद अकरा वर्षांपूर्वी जाऊन निजली होती. तिच्या शेजारची जागा त्यांची. दगडावर नाव कोरून झालं होतं, जन्मसाल झालं होतं, पुढे एक आडवी रेघ आणि कोरी जागा. त्याखाली ‘मातुराँ पोंत्रो यांचे थेट वंशज’. ऑक्टोबरात डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाचा आलेख बघून ‘यंदा बर्फ उपसायचा नाही’ असं सांगितलं, तेव्हा आन्सेल्म फारसे घाबरले नाहीत. जागा ठरलेली असली की माणूस निवांत असतो.

नोव्हेंबरातल्या एका काळवंडलेल्या दुपारी त्यांची पुतणी ओरेली कागदांची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात आली. ती शहरात पाण्याचे नमुने तपासायची आणि दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत खरं बोलायची.

“काका, आधी सूप संपवा.”

“वाईट बातमी आहे?”

“सूप गार होईल इतपत.”

आन्सेल्मनी चमचा खाली ठेवला. वाटाण्याचं सूप त्यांच्यासमोर घट्ट होऊ लागलं.

मातुराँ १६६१ साली फ्रान्सहून जहाजाने समुद्रापलीकडच्या या फ्रेंच वसाहतीत आला, तिथपासून आन्सेल्मच्या वडिलांपर्यंत प्रत्येक पिढीच्या लग्नाची नोंद पोंत्रो कुळमंडळाच्या कपाटात होती. फक्त एक दुवा नव्हता. १७५९ साली इंग्रजांनी गाव जाळलं, त्यात चर्चची वहीही जळाली. त्यामुळे झाँ-बातिस्त पोंत्रो नावाच्या मुलाचे आईबाप कोण हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ‘गावात पोंत्रोंचं घर एकच. मग पोरगा दुसऱ्या कुणाचा असणार?’ असा आन्सेल्मचा युक्तिवाद होता. एकतीस वर्षं तो सिद्ध मानला गेला, कारण आन्सेल्म एकतीस वर्षं मंडळाचे अध्यक्ष होते.

“नोटरीच्या जुन्या कागदांत सापडलं,” ओरेली म्हणाली. “१७६१. एक विधवा आपल्या चार वर्षांच्या मुलाला, झाँ-बातिस्तला, एका पोंत्रो नवराबायकोकडे सांभाळायला देतेय. तो वीस वर्षांचा होईपर्यंत खायला घालायचं, कपडे द्यायचे, प्रार्थना शिकवायच्या.”

“पुण्यवान माणसं!” आन्सेल्म म्हणाले. “विधवा कोण?”

ओरेलीने खिडकीतून पलीकडच्या शेताकडे पाहिलं. त्या शेतात रेजाँ ग्रिबो ट्रॅक्टरला लाथा घालत होता.

“नाही,” आन्सेल्म म्हणाले.

“हो, काका. ग्रिबो.”

१६८८ साली ग्रिबोंच्या डुकराने मातुराँची कोबी खाल्ली आणि कोर्टकचेरी झाली. दोन्ही घरांनी तो वाद दहा पिढ्या मन लावून सांभाळला. मध्ये आन्सेल्मनी ग्रिबोंच्याच फर्नांदशी लग्न केलं, पण त्याने वाद मिटला नाही, उलट घरात आला. तिचा भाऊ रेजाँ आणि आन्सेल्म गेली अकरा वर्षं एकमेकांशी फक्त दफनविधीच्या वेळी बोलत.

“हे तुझ्यामाझ्यातच राहू दे,” आन्सेल्म म्हणाले. मग त्यांनी तो कागद पुन्हा एकदा वाचला. “नको. सातवं कलम माझंच आहे.”

मंडळाच्या नियमांतलं सातवं कलम असं होतं : क्रुसाखाली जागा त्यालाच, जो मातुराँपर्यंत रक्ताचं नातं कागदाने दाखवील, आणि त्याच्या जोडीदाराला. याच कलमाखाली नऊ वर्षांपूर्वी आन्सेल्मनी आर्मां पोंत्रोला जागा नाकारली होती. आर्मां तीन महिन्यांचा असल्यापासून पोंत्रोंच्या घरात वाढला होता, पण दत्तक होता. त्याला कुंपणाच्या कोपऱ्यात पुरलं. हिवाळ्यात गावाचा बर्फ तिथेच लोटतात, त्यामुळे वर्षातले पाच महिने त्याची बायको कोलेत फुलं घेऊन नुसती अंदाजाने उभी राहते.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये मंडळाची वार्षिक सभा भरली. छपरावर गारठलेला पाऊस वाजत होता. आन्सेल्मनी उभं राहून १७६१ चा कागद स्वतः वाचून दाखवला आणि चष्मा काढला.

पहिल्या रांगेतून कोलेत म्हणाली, “अध्यक्षमहाराज, आता सातवं कलमही वाचा. तुमचा आवाज छान लागतो त्यात.”

त्यांनी तेही वाचलं.

“म्हणजे तुम्ही आमच्या आर्मांच्या शेजारी,” ती म्हणाली. “जागा आहे. फावडं मात्र घेऊन यावं लागतं. आणि फर्नांदला कधी हलवायचं? जमीन गोठायच्या आत केलेलं बरं.”

आन्सेल्मनी टेबलाची कड धरली. स्वतःचं त्यांनी दोन रात्री जागून पचवलं होतं, पण फर्नांदचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“थांबा,” ओरेली उठून म्हणाली. “अजून एक आहे. मातुराँच्या बाकीच्या शाखा देवीच्या साथीत संपल्या. आज पोंत्रो आडनाव लावणारे सगळे त्या झाँ-बातिस्तचेच. म्हणजे या खोलीतले आपण सगळेच ग्रिबो.”

एकसष्ट माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी हिशोब केला, की सातव्या कलमाप्रमाणे मंडळात एकही सभासद उरत नाही. खजिनदाराने विचारलं, मग ही सभा बरखास्त तरी कोण करणार? सगळे आपोआप खाण्याच्या टेबलाकडे सरकले, आणि तिथे त्यांना रेजाँ ग्रिबो दिसला. आमंत्रण नसताना दरवर्षी तो तूर्तिएर, म्हणजे खिमा भरून भाजलेली जाड पोळी, खायला येत असे.

“काय दाजी,” तो तोंडातला घास सांभाळत म्हणाला, “आमच्यातच आलात म्हणे. डुकराचं काय ठरलं?”

“रेजाँमामा, तुम्ही ग्रिबोतले नाही,” ओरेली म्हणाली. “म्हणजे आहात, पण अर्धेच. झाँ-बातिस्तला सांभाळणाऱ्या त्या पोंत्रो नवराबायकोला स्वतःची एक मुलगी होती, मार्गरीत. तिचं लग्न झाँ-बातिस्तच्या थोरल्या भावाशी झालं. तुम्ही तिच्या वंशातले. सगळ्या नोंदी आहेत. मातुराँचं रक्त गावात फक्त तुमच्यात उरलंय.”

रेजाँचं चावणं थांबलं.

“आणि फर्नांदकाकूत होतं,” ओरेलीने पुस्ती जोडली. “ती तिथे तिच्या स्वतःच्या हक्काने आहे. तिला कुणी हलवू शकत नाही.”

आन्सेल्म खुर्चीत बसले. त्यांना लागलेली धाप उतरायला थोडा वेळ गेला. मग त्यांनी खिशातून मंडळाचा छापील अर्ज काढला. एकतीस वर्षं ते दुसऱ्यांकडून तो भरून घेत होते. ‘थेट वंशज’ खोडून त्यांनी खालच्या चौकटीत खूण केली : ‘वंशजाचा जोडीदार’. मग तो अर्ज त्यांनी मंडळाच्या एकमेव सभासदापुढे ठेवला.

रेजाँने हात विजारीला पुसले, खजिनदाराचा चष्मा मागून घेतला आणि अर्ज दोनदा वाचला.

“लग्नाचा दाखला जोडलेला नाही, दाजी.”

आन्सेल्मनी मंडळाच्या दाखल्यांची पिशवी उपसली. १६६४ सालचं लग्न निघालं, १७८३ चं निघालं, आजोबांचं निघालं, पणजीच्या दुसऱ्या लग्नाचंही निघालं. चारशे बारा लग्नांचे दाखले त्यांनी जमवले होते. स्वतःचा घ्यायचं राहून गेलं होतं.

“असू दे,” रेजाँ म्हणाला. “मी होतो लग्नाला. पाऊस होता, आणि तुमची विजार आखूड होती.”

“चौथं कलम,” आन्सेल्म पडेल आवाजात म्हणाले. “तोंडी साक्ष चालत नाही.”

“दाजी, जरा गप्प बसाल?”

रेजाँने पेन उचललं. ‘पुरावा’ या शब्दापुढची रेघ लांबलचक होती. ती भरेल एवढ्या मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत त्याने लिहिलं, ‘मी ओळखतो यांना’, आणि कागद कोलेतकडे सरकवला.

“आर्मांचाही एक अर्ज लिही,” तो म्हणाला. “त्यालाही मी ओळखत होतो.”